मिशीआडचे शब्द

ती घटना आठवली की या वयातही मी खुर्चीत सावरून बसतो. हडपसरला तेव्हा एकीकडे आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या आणि दुसरीकडे पत्रा ठोकणाऱ्या कारखान्यांचा दणदणाट चालूच होता.

मी तिथल्या पोलीस चौकीत फौजदार होतो. अशाच एका कारखान्याच्या मॅनेजरचा फोन आला. "आमचा प्रेस ऑपरेटर कामामुळे बहिरा झालो म्हणून नुकसानभरपाई मागतोय. शुद्ध नाटक! गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर येऊन बघा." पाठोपाठ लेखी तक्रार आली. साध्या वेशात गेलो, तर गृहस्थ खरोखरच मजेत गप्पा छाटत होते. मासा गळाला लागला म्हणायचा!

चौकशीला बोलावलं. माझ्या प्रत्येक प्रश्नाला ते पटापट उत्तर देत होते. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला असता, तर भरपाई राहिली बाजूला, नोकरी जाऊन कोठडी पदरात पडली असती. पण एक गोष्ट खटकली. आमच्या हवालदारांचा आवाज म्हणजे गिरणीचा भोंगा. त्यांनी पत्ता विचारला की हे गप्प.

"साहेब, तुमच्याशी पोपटासारखा बोलतो आणि माझ्यापुढे मुका होतो!" हवालदार भडकले.

मी हवालदारांकडे पाहिलं. झुपकेदार मिशा, ओठ पार झाकलेले. मी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं.

ते तोंडासमोर धरून मी मोठ्याने म्हणालो, "तुम्हाला अटक करतोय!" पानाच्या कडेने पाहिलं, तर ते निवांत. मग वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "चहा घेणार?"

"घेतो की, साहेब. साखर कमी."

मी टाळीच वाजवली!

"अहो, हे शिकलात कुठं?"

"शिकायचं काय त्यात? प्रेस चालू आसल्यावर आवाज कुणाला येतुय? समदी तोंडाकडं बघूनच बोलत्यात."

सरकारी रुग्णालयातल्या कानाच्या डॉक्टरांनी बंद खोलीत त्यांची पुन्हा पुन्हा तपासणी केली. "सोंग करणाऱ्याचे निकाल दर वेळी बदलतात, यांचे तेच येतात. हे नुकसान सततच्या आवाजाचंच," ते म्हणाले. तक्रारीत तथ्य नसल्याचा अहवाल मी पाठवला. पुढे भरपाई मंजूर झाली.

उत्तर आलं म्हणजे ऐकू आलं, असं मी त्यानंतर कधी धरून चाललो नाही. माणूस दिवसभर कुठं उभा असतो, ते आधी पाहू लागलो.

मंजुरीची बातमी मीच सांगणार, असा हवालदारांनी हट्ट धरला. आले ते मिशा ओठांवरून कातरून. "झालं तुमचं काम," ते म्हणाले. गृहस्थांना पहिल्याच खेपेला कळलं.