मागच्या दाराची ओळ

हे मी आजवर पत्नीलाही सांगितलेले नाही. तुम्हाला का सांगतो आहे — तेही मला नीट उमगत नाही.

लढाईचे दिवस होते. जबलपूरच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. आग लागल्यास काय करावे, याची हिंदी सूचना प्रत्येक शेडसाठी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. किती मन लावून लिहिली मी ती! 'आपत्कालीन परिस्थिति में समस्त कर्मचारी निर्धारित मार्ग का अनुसरण करें।' साहेबांनी पाठ थोपटली. तो मार्ग मागच्या दाराचा — हे मात्र त्यात कुठेच नव्हते.

आमचे शेजारी नामदेवराव त्यातल्याच एका शेडमध्ये कामाला होते. फलक वाचून हसले. "वा पंडितजी! वाचून तर राहिलो, पण जाऊ कुठं? भोंगा झाला की आम्ही टोकन टाकायला समोरच्या फाटकाकडंच पळतो. टोकन टाकायचं का सोडायचं, तेवढं तर लिहा."

खरेच होते. सुटताना पितळी टोकन फाटकावरच्या पेटीत पडले नाही तर हजेरी जात असे. पायांना तेवढीच वाट ठाऊक. एक ओळ पुरली असती — टोकन सोडा, मागच्या दाराने पळा. का नाही लिहिली? वेळ नव्हता? नाही. ती ओळ मला गावंढळ वाटली.

मग एके दुपारी आग लागली. भोंगा झाला. नामदेवरावांचे बाक मागच्या दाराला लागूनच होते — आणि ते टोकन मुठीत धरून फाटकाकडे धावले, जिथे दारू पेटली होती. चेहरा भाजला, दोन्ही हात भाजले.

पण माझी कबुली एवढीच असती तर! चौकशीत मला विचारले गेले — मार्ग समजावला होता? मी म्हणालो, हो. नामदेवरावांना तर मी स्वतः तोंडी सांगितला होता, असेही म्हणालो. दोष त्यांच्या नावावर लिहिला गेला.

इस्पितळात भेटायला गेलो, तेव्हा ते पट्ट्यांआडून म्हणाले, "तुम्ही सांगितलंच असंल, भाऊ. माझ्याच ध्यानातून गेलं. काहून गेलं असंल?"

मी मान डोलावली.

पुढे कित्येक वर्षे ते अंगणात बसून बायकोला विचारीत, लेकीला विचारीत — मी असा कसा विसरलो? भिंतीपलीकडे मी ऐकत असे. मरेपर्यंत त्यांनी स्वतःलाच दोष दिला.

ते काही विसरले नव्हते. मी त्यांना काही सांगितलेच नव्हते.