तोंडी अट

"हातात नको. ठेव तिथंच."

मी अर्ज टेबलाच्या कडेला ठेवला. हेडक्लार्कनं तो फूटपट्टीनं पुढं ओढला. वाचला. पुन्हा वाचला.

"अक्षर कुणाचं?"

"माझं, भाऊसाहेब."

"तुझं? जात कुठली?"

"महार."

त्यानं शेजारच्या कारकुनाकडं पाहिलं. दोघं हसले. "बाहेर बस आणि हाच अर्ज परत लिहून दाखव. खरं-खोटं कळेल."

मी व्हरांड्यात फरशीवर बसलो. मांडीवर कागद. शिपाई डोक्याशी उभा, मी कुठं बघून लिहितो का ते पाहायला. मी मॅट्रिक झालेलो. राज्यघटना येऊन दोन-तीन वर्षं झालेली. अस्पृश्यता कायद्यानं संपलेली. आणि मला लिहिता येतं हे मी जमिनीवर बसून सिद्ध करत होतो.

मुंबईच्या एका सिनेमा कंपनीत मी तेव्हा कॅमेरामनच्या हाताखाली होतो. अंतर मोजायची फीत धरायचो. कॅमेऱ्याच्या भिंगापासून नटाचा चेहरा किती लांब ते सांगायचो. इंच चुकला की चेहरा धूसर. राहायला कल्याणला, वडील रेल्वेत गँगमन. कंपनीला तळ्याच्या घाटावर एक प्रसंग घ्यायचा होता. तळं ठाणे आणि कल्याणच्या मधल्या एका गावातलं. गावाचं नाव सांगत नाही. तसं गाव एकच नव्हतं. तळं सार्वजनिक, म्हणून कचेरीची परवानगी हवी. मॅनेजर म्हणाला, "तू तिकडचाच ना? तूच जा. तू आपला माणूस." हा माणूस गोड बोलला की मला धास्ती वाटायची.

परवानगी मिळाली. सही, शिक्का, सगळं. रस्ता अडवू नये. घाट स्वच्छ ठेवावा. मी कागद चार वेळा वाचला. माझ्याविरुद्ध एक अक्षर नव्हतं. तरी मन मानेना. हेडक्लार्कनं इतक्या सहज परवानगी कशी दिली?

ते शूटिंगच्या सकाळी कळलं. हेडक्लार्क कोट घालून घाटावर हजर. मॅनेजरला बाजूला घेऊन काहीतरी बोलला. मग मॅनेजर माझ्याकडं आला.

"हे बघ, तू वरच थांब. पायऱ्या उतरू नकोस. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"कागदात तसं नाही."

"तोंडी अट आहे. समजून घे. तू शिकलेला आहेस."

मी थांबलो. लपवत नाही. चांगला तासभर वर उभा राहिलो. फीत दुसऱ्यानं धरली. खाली रंगभूषावाला पाण्यात हात धूत होता. नटावर ऊन पाडायला चकाकते पत्रे धरणारे हमाल गुडघाभर पाण्यात. त्यांची जात कुणी विचारलीच नव्हती. अर्ज मी लिहिला होता, म्हणून फक्त मी सापडलो.

मी परवानगीचा कागद घेतला आणि हेडक्लार्कसमोर धरला.

"भाऊसाहेब, अट लिहून द्या. महारानं पायरी उतरू नये. खाली सही करा. मग नाही उतरत."

"लिहायचं कशाला?"

"लक्षात राहावं म्हणून."

त्यानं बंदोबस्ताच्या हवालदाराकडं पाहिलं. मग जमलेल्या माणसांकडं. पेन कोटाच्या खिशालाच होतं. हात तिकडं गेला नाही. "उगाच शब्द वाढवू नकोस," म्हणाला. आवाज उतरलेला. मला तेव्हा दिसलं. हा घाबरलाय. याला मनाई हवीय, पण आपल्या अक्षरात नकोय.

मी पायऱ्या उतरलो. शेवटच्या पायरीवर बसलो आणि ओंजळीनं पाणी प्यायलो.

वरून आरडाओरडा झाला. एक ढेकूळ पाठीत बसलं. हवालदारानं कुणाला धरलं नाही. शूटिंग मात्र बंद करायला लावलं. मॅनेजरचा चेहरा लाल झालेला. "सगळ्यांची माफी माग, तरच नोकरी राहील."

"कशाची माफी, तेही लिहून द्या."

नोकरी तिथंच संपली.

घरी वडील म्हणाले, "आरं, घरात पानी नव्हतं का तुला?" ते चिडले नव्हते. भ्याले होते. उद्या वस्तीवर कोण येईल, या विचारानं त्यांनी दिवसाउजेडीच दाराला कडी घातली. मला त्यांचा राग आला नाही. ती कडी घालायला लावणाऱ्यांचा आला.

दुसऱ्या दिवशी मी कलेक्टर कचेरीला अर्ज केला. तोंडी अट काय होती, कुणी घातली, कुणी मान्य केली, सगळं क्रमानं. मॅनेजरचंही नाव घातलं. आपला माणूस म्हणाला होता ना. उत्तर आलं नाही. दुसरा अर्ज केला. मग तिसरा.

अजूनही कुणी खांद्यावर हात ठेवून समजून घे म्हणालं, की मी आधी त्याच्याकडं कागद मागतो. बहुतेक जण हात काढून घेतात. काढू देत. सहीला जो भितो त्याची मनाई मी पाळणार नाही. आणि ज्यानं सही केली, त्याला कोर्टात उभं करीन.