हवेतला मांडा

शकुंतलाअक्का गेल्याचा फोन धुळ्याहून त्यांच्या लेकीनं केला, तेव्हा संध्याकाळचे सात वाजले असतील. आठ दिवसांसाठी म्हणून लेकीकडं गेल्या होत्या, दुपारी जरा आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. मी फोन ठेवला नि मला रडू फुटलं. माझी नात रेवा, तिसरीतली, समोर खुर्चीवर गणितं घेऊन बसलेली. तिला सगळं कळलं होतं. पण माझ्या मुलानं, सुनीलनं, सांगून ठेवलेलं की पान पुरं होईपर्यंत उठायचं नाही. ती तिथूनच म्हणाली, "आजी, आता तरी उठू का?" आणि मी... मी दारात उभ्या असलेल्या सुनीलच्या तोंडाकडं पाहिलं.

पिंप्राळ्यात अक्का आमच्या बरोब्बर डोक्यावर राहायच्या. मूळच्या एरंडोलकडच्या, जन्मभर बालवाडी सांभाळलेली, नंतर घरीच शिकवणी. अभ्यास करता करता पोरं चुळबुळायला लागली की त्यांना उठवून उड्या मारायला लावायच्या. मी एक दिवस जिना चढून भांडायलाच गेले. "अक्का, शिकवणी आहे का तालीम? पंखा पडेल ना माझ्या डोक्यावर!" दुसऱ्या दिवशी वर चिडीचूप. मला वाटलं, बाईनं शिकवणी बंद केली की काय, म्हणून पुन्हा वर गेले, तर दहा-बारा पोरं उभी, हात पुढं, आणि हवेतच मांडा वाढवताहेत! आपण पुरणाचा मांडा हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करतो ना, तस्सा. अगदी हळू. कोणी घाई केली की अक्का म्हणायच्या, "घाई करशी ते फाटी जाई, भाऊ!" मग तो मांडा अलगद चुलीवरच्या खापरावर टाकायचा, श्वास सोडायचा, नि गुपचूप खाली बसायचं. माझ्याकडं बघून हसल्या, "तुमच्या पंख्यानं सुचवलं बरं का हे."

रेवाला मी तिथंच घातलं. शाळेनं सांगितलेलं, मुलगी जागेवर बसत नाही, चिडली की वही फाडते. सुधारली नाही तर दुसरी शाळा बघा. त्या वाक्यानं सुनील जो धास्तावला तो धास्तावलाच. अक्कांकडं मात्र ती बसायला लागली. एकदा मी पाहिलं, गणित अडलं, तिच्या मुठी आवळल्या... आणि कोणी न सांगता ती उठली, दोन्ही तळहातांनी भिंत दाबत उभी राहिली, परत येऊन पेन्सिल उचलली. अक्का मला हळूच म्हणाल्या, "आता तिचं तिला कळतं, कधी उठायचं ते. तुम्ही घरात फक्त उठू द्या." एवढंच काम होतं माझं. सुनीलला मी ते सांगितलं नाही. तो म्हणणार, आई, तुला काय कळतं?

अक्का गेल्या, शिकवणी गेली. आता सुनील तिला आतल्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावायला लागलाय. दुष्ट नाही हो तो, घाबरलाय. आतून खुर्ची घासल्याचा आवाज येतो, मग वही फाटल्याचा. मी बाहेर भाजी निवडत बसते, आणि कडी जशी काही मलाच लागलेली.

परवा तो कडी लावायला आला, तर मी आत जाऊन बसले. "आई, बाहेर ये."

"लाव कडी. आम्ही दोघी आहोत."

"तिचा अभ्यास आहे. किती वेळ बसणार आहेस?"

"मांडा भाजेपर्यंत."

त्याला काही उमगलं नाही. त्यानं कडी लावलीच. मी उभी राहिले, मांडा वाढवायला हात पुढं केले. खांदा धरलेला, हात छातीच्या वर जाईना. रेवानं माझी कोपरं खालून उचलून धरली.

"लहानच कर आजी," ती म्हणाली, "पण फाडू नको."