भिकातात्यांच्या शेतातलं वळण

मल्हारीला कोणी विचारलं, की भाऊ, तुम्ही काम काय करता, तर तो म्हणायचा, "जॉइंटर हाय." समोरचा हमखास म्हणायचा, "अच्छा, वेल्डिंगचं का?" पिंपळगाव बसवंतला पस्तीस वर्षं राहूनही त्याच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांची हीच समजूत होती, आणि ती दुरुस्त करायचा नाद त्याने केव्हाच सोडला होता. केबल जोडणारा माणूस लोकांना आठवतो तो केबल तुटल्यावर. एरवी त्याला विचारतो कोण?

एकोणिसाव्या वर्षी तो टेलिफोन खात्यात चर खणायला रोजंदारीवर लागला. पुढे कायम झाला आणि तांब्याच्या तारा जोडायला शिकला. निळी, केशरी, हिरवी, तपकिरी, राखाडी, हा तारांचा क्रम त्याच्या अंगात इतका मुरला, की बायकोने, सखुबाईने, रांगोळीत निळ्याशेजारी हिरवा रंग भरला तर हा बुवा चहाचा कप हातात धरून दारात चुळबुळत उभा राहायचा. "मधी केशरी राहिला," म्हणायचा. "तुमचं खातं तिकडं, रस्त्यावर," म्हणून सखुबाई त्याला आत पिटाळायची.

मग तांबं गेलं, काचेची फायबर आली. केसाएवढी बारीक. खात्याने दहा दिवसांचं प्रशिक्षण दिलं, तेही मल्हारीने पहिल्या बाकावर बसून घेतलं. त्यावरही हात चांगला बसला, आणि मग खात्याने एका फटक्यात जुनी माणसं स्वेच्छेने घरी बसवली. मल्हारी चार महिने घरात बसला, सखुबाईच्या रांगोळ्या तपासत. शेवटी एका खासगी ठेकेदाराला जॉइंटर हवा होता, त्याने याला उचललं. काम तेच, खड्डे तेच, ओळखपत्राची दोरी तेवढी निळ्याची लाल झाली.

पेपरात आपल्या देशाच्या संगणक उद्योगाचं कौतुक छापून येतं तेव्हा सोबत फोटो कुठल्यातरी काचेच्या इमारतीचा असतो. छापा की, आमचं काही म्हणणं नाही. पण त्या सगळ्या भरारीचा एक धागा चांदवड तालुक्यातल्या बोरदरीच्या बांधाखालून जातो, आणि तो तुटला की चष्मा पुसत तिथे मल्हारीलाच जावं लागतं.

त्या गुरुवारी सकाळी तो असाच गेला होता. बोरदरीत प्रतिभा नावाची एक मुलगी आहे. पुण्याच्या एका कंपनीत दोन वर्षं नोकरी केली, मग साहेबांच्या मागे लागून कंपनीचं थोडं काम गावात आणलं. आजोबांची कांदा साठवायची चाळ रिकामी होती, तिला भिंती घातल्या, आठ टेबलं मांडली, गावातल्याच आठ मुली बसवल्या. कानपूरमधल्या कोणाचा फ्रीज गार होत नाही, कोइमतूरमधल्या कोणाचं वॉशिंग मशीन उड्या मारतं, ते सगळे आपापली तक्रार चॅटवर लिहितात आणि त्यांची समजूत बोरदरीतून घातली जाते. तीन महिन्यांच्या चाचणीवर काम मिळालं होतं, शेवटचा आठवडा चालू होता. कंपनीची अट एकच. लाइन सलग चोवीस तास बंद राहता कामा नये. राहिली तर काम दुसरीकडे.

आणि बुधवारी दुपारी चार वाजता लाइन गेली. मोबाइलचा टॉवरही त्याच केबलवर, त्यामुळे तोही गेला. कंपनीचा मेल वाचायला प्रतिभाला स्कूटीवरून थेट चांदवड गाठावं लागलं. मेलमध्ये दोनच ओळी होत्या, अटीची आठवण करून देणाऱ्या.

म्हणजे गुरुवारी दुपारी चारच्या आत जोडायचं. ठेकेदाराची इंजिनीअर निकिता सकाळी आठलाच जेसीबी घेऊन हजर होती. नाशिकची पोरगी, कामाला चोख. तिने ग्रामपंचायतीतून यंत्राने केबलमध्ये प्रकाश सोडून पाहिला. बाराशे साठ मीटरवर तुटलंय, यंत्र म्हणालं. नकाशात केबलची रेघ प्रतिभाच्या आजोबांच्या, म्हणजे भिकातात्यांच्या शेतातून फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ गेली होती. निकिताने रेघेवर टेप धरून मोजलं, खूण केली. "काका, इथे खणूया ना?"

 मल्हारी चाळीस फुटांवरच्या एका चौथऱ्याकडे बघत होता. काल बांधलेला, अजून ओला चौथरा, त्यात रोवलेला गुडघाभर उंचीचा दगड, वर ताजा लालभडक शेंदूर.  तुटलंय कुठे, हे मल्हारीला त्याच क्षणी कळलं.

तो दगड त्यानेच पुरला होता, तेरा वर्षांपूर्वी. केबल टाकताना चर या शेतात आला आणि भिकातात्या वाटेत बसून राहिले. त्याच्या दोन महिने आधी गेलेला त्यांचा बैल, पाखऱ्या, नेमका त्या रेघेवर, बाभळीखाली पुरलेला होता. "त्याच्यावरून खणायचं नाय," एवढंच म्हणाले. ना आरडाओरडा, ना शिवीगाळ. मार्ग बदलायचा तर खात्यात सहा अर्ज आणि दोन महिने. मल्हारीने आजूबाजूला पाहिलं, साहेब नव्हते. त्याने चर चाळीस फूट बाजूने वळवून घेतला, वळणावर जोड दिला, वर केबलच्या खुणेचा खात्याचा दगड पुरला. वहीत मात्र रेघ सरळच दाखवली. कोण बघतंय?

पुढच्या पोळ्याला तो त्या बाजूने गेला, तर दगडाला शेंदूर! पुरणपोळीचा नैवेद्यसुद्धा. खात्याच्या माणसांनी पाखऱ्याची आठवण म्हणून दगड बसवून दिला, असं गावात पसरलं होतं. मल्हारीने तोंड उघडलं, आणि मिटलं. म्हाताऱ्याला बरं वाटतंय तर वाटू दे. तेव्हापासून दर पोळ्याला गावातल्या उरल्यासुरल्या चार बैलजोड्या आधी त्या दगडापुढे येतात. यंदाचा पोळा येत्या रविवारी होता, म्हणून भिकातात्यांनी चौथरा बांधला होता.

आता बोलायचं म्हणजे निकितासमोर कबूल करायचं, की सरकारी वहीत आपण खोटी रेघ ओढली. आणि भिकातात्यांना सांगायचं, की तेरा वर्षं तुम्ही केबलच्या दगडाला नैवेद्य दाखवताय. पहिलं सांगताना लाज वाटत होती. दुसरं सांगायला जीभच उचलेना. त्यातून भिकातात्या स्वतः चहाची किटली घेऊन बांधावर आलेले. "मल्हारीभाऊ, लय दिसांनी! चौथरा बघितला का? बेस झालाय ना?"

"बेस झालाय, तात्या," मल्हारी म्हणाला आणि चहात तोंड खुपसलं.

मग झालं ते असं. पहिल्या खड्ड्यात काही नाही. "थोडं पुढं बघा, मॅडम," मल्हारी म्हणाला. दुसऱ्या खड्ड्यातही काही नाही, फक्त मुरूम. साडेदहा वाजून गेले. प्रतिभा चाळीच्या दारातून दर पाच मिनिटांनी यायची, खड्ड्यात डोकावायची, परत जायची. आठ मुली ओट्यावर ओळीने बसून होत्या. तिचा तो चेहरा मल्हारीला बघवेना.

"आता ही एकच जागा उरली," निकिता म्हणाली आणि जेसीबीवाल्याला हात केला. जेसीबी घरघरत बाभळीकडे वळला.

मल्हारीच्या हातातला कप पडला. चोपन्न वर्षांचा, गुडघेदुखीवाला माणूस धावत जाऊन जेसीबीच्या आडवा उभा राहिला. "थांबव! तिथं नाय. तिथं बैल हाय."

"काय आहे?" निकिता म्हणाली.

मग त्याने सगळं सांगितलं. एका दमात, जमिनीकडे बघत. वळण, वही, दगड, सगळं. "तात्या, तो दगड पाखऱ्याचा नाय. केबलचा हाय. त्याच्यावर ओएफसी अशी तीन इंग्रजी अक्षरं हायेत, शेंदराच्या खाली. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. चुकलो."

 भिकातात्या चौथऱ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "काल पाया खणताना एक काळी नळी लागली होती. मला वाटलं, ठिबकची जुनी नळी राहिलीय मातीत. टिकाव घातला."

"किती वाजता, आबा?" धावत आलेल्या प्रतिभाने विचारलं.

"चार वाजले असतील."

नातीच्या कंपनीची लाइन आजोबांनीच तोडली होती.  भिकातात्या घरात गेले, पहार घेऊन आले, आणि काल स्वतः गवंड्याच्या हाताखाली राबून बांधलेला चौथरा स्वतःच फोडायला लागले. दगड त्यांनी उपसून बाजूला उभा केला. मल्हारी मदतीला वाकला तर त्याच्याकडे बघितलंही नाही. रागावले, मल्हारीला वाटलं. रागावणारच की.

खाली पाषाण असल्याने केबल दोनच फुटांवर होती. जोडाशेजारी मल्हारीने त्या काळी दहा मीटर जादा वेटोळं पुरून ठेवलं होतं, ते आज कामाला आलं. त्याने छत्री रोवली, सतरंजी अंथरली, चष्मा पुसला. फायबरचं वरचं आवरण सोलायचं, स्पिरिटने पुसायची, टोक सरळ छाटायचं, यंत्रात दोन्ही टोकं समोरासमोर ठेवायची. ठिणगी उडते आणि काचेला काच मिळते. पहिली निळी, मग केशरी, मग हिरवी. मन जड झालेलं होतं, पण हात त्याच्या मनाचं ऐकत नव्हते. ते चौतीस वर्षांच्या सवयीने चालले होते. निकिता शेजारी उकिडवी बसून प्रत्येक जोडात प्रकाश किती गळतो ते यंत्रावर तपासत होती. "शून्य. शून्य. काका, एवढे स्वच्छ जोड आमच्याकडे कोणीच देत नाही," ती म्हणाली.

तीन वाजून दहा मिनिटांनी चाळीतून आरडाओरडा ऐकू आला. आधी मल्हारी दचकला, मग त्याला कळलं की हा आनंदाचा आहे. प्रतिभा दारात येऊन दोन्ही हात हलवत ओरडली, "आली! काका, लाइन आली! आणि लखनौच्या एका बाईंचा मिक्सर बंद पडलाय!" आणि पळत आत गेली. मल्हारी सतरंजीवरच मांडी घालून बसला आणि हसायला लागला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि चष्मा पुन्हा पुसायला लागला.

निकिताने टॅबवर नकाशा उघडला आणि सरळ रेघेला भिकातात्यांच्या शेतात एक वळण दिलं. "मार्ग बदलल्याचं कारण विचारतंय. काय लिहू?"

"आता माझी तक्रार होणार, मॅडम?"

"तेरा वर्षांपूर्वीच्या वहीची? मी तेव्हा सातवीत होते, काका." तिने क्षणभर विचार केला, 'बैल' असं लिहिलं आणि बटण दाबलं. यंत्राने ते मुकाट स्वीकारलं.

खड्डा बुजवून झाला. भिकातात्यांनी दगड पुन्हा जागेवर उभा केला, पाणी घालून धुतला. जुना शेंदूर थोडा निघाला, खालची तीन अक्षरं उघडी पडली. मग त्यांनी घरातून वाटी आणली आणि नवा शेंदूर लावायला बसले.

मल्हारीला राहवेना. "तात्या, आता तर कळलं ना तुम्हाला. हा पाखऱ्याचा दगड नाय."

"मला कधी नव्हतं कळलं?" भिकातात्या मान वर न करता म्हणाले. "माझा बैल मी माझ्या हातानं पुरला, बाभळीखाली. तो कुठं हाय हे मला ठाऊक नाय व्हय? आन् अक्षरं काय, मला पहिल्याच दिवशी दिसली. केबल इतकी वर असंल, येवढं तेवढं ध्यानात आलं नाय."

"मग शेंदूर कशापायी?"

"मेलेल्या बैलासाठी कोण सरकारी माणूस आपला चर वळवतो रं?" म्हाताऱ्याचा हात दगडावर थांबला. "तू वळवलास. तुझं नाव-गाव मला म्हाईत नव्हतं तवा. तू पुरलेला दगड तेवढा व्हता माझ्याकडं. म्हनून तुझ्या नावानं लावत आलो."

 चौतीस वर्षांत आपल्या जोडाकडे कोणी वळून बघितलं नव्हतं, असं मल्हारीला आजवर वाटत आलं होतं.

"रविवारी पोळ्याला ये," भिकातात्या म्हणाले. "वहिनींना घेऊन ये. आन् आता बस खाली, मला गवंडी मिळायचा नाय चार दिवसांत. चौथरा तुलाच बांधू लागायचाय."

मल्हारीने बाह्या वर सारल्या आणि सिमेंटची पाटी उचलली.