विधात्यांनी सरळ केलेली गाणी

फेब्रुवारी २००२, रविवार, दुपार. जागा – इंदिरानगर, रघुनाथ विधाते यांच्या रो-हाऊसची वरची खोली. हजर – कॉम्प्युटरसमोर स्वतः विधाते, माइकसमोर त्यांची थोरली बहीण आक्का, तबल्यावर नंदू शिंपी, पेटीवर मी. गैरहजर – वीज. ती चारच्या आत येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी विधात्यांनी आम्हाला तीनला बोलावलं होतं. "लाइट येईपर्यंत माणसं तरी येऊ द्या की, मॅडम," असं त्यांचं म्हणणं.

अशा नोंदी ठेवायची मला सवय आहे. सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळायचे आणि विधाते मेंटेनन्सला होते. आमची ओळख एका बेअरिंगवरून झाली. मी मागणीचा फॉर्म पुढे केला, पण त्यांचं लक्षच नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं टेबलावर ठेका धरून होती आणि नजर माझ्या डोक्यावरच्या पंख्याकडे.

"रेंगाळतोय," ते म्हणाले.

"काय?"

"पंखा. कंडेन्सर गेलाय. त्याच्याही मागणीचा फॉर्म भरू का?"

जगातल्या प्रत्येक हलत्या वस्तूबद्दल त्यांचे दोनच निकाल असत – पळतंय किंवा रेंगाळतंय. कंप्रेसर, एसटीचा वायपर, बायकोचं लाटणं, झेंडावंदनाला बोलणारे मोठे साहेब, कुणाची सुटका नव्हती. आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भटजींना दुसरं लग्न गाठायचंय. बघा कसे पळतायत." मला इतकं हसू आलं की अक्षता हातातच राहिल्या.

कारखान्यातून सुटल्यावर ते वरच्या खोलीत जात. नव्वदच्या दशकात एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून त्यांनी चार ट्रॅकचं जुनं कॅसेट मशीन घेतलं होतं. त्यावर शाळांची गॅदरिंगं, गणपती मंडळांच्या आरत्या आणि निवडणूक आली की उमेदवारांची प्रचारगीतं निघत. भिंतींवर गोधड्या ठोकलेल्या, खिडकीला जुनी गादी लावलेली, पंखा बंद. रेकॉर्डिंग सुरू असताना खाली कुकर लावायला बंदी. ही सूचना वहिनींनी स्वतःच्या हाताने लिहून स्वयंपाकघरात लावली होती आणि खाली भर घातली होती – 'मग जेवायलाही मागू नये'. एका आरतीच्या मधोमध भाजीवाल्याचं "मेथी, कोथिंबीर" आलेलं आहे. मंडळाने ती कॅसेट तशीच वाजवली आणि कुणाची तक्रार आली नाही.

पुढे खोलीत कॉम्प्युटर आला आणि विधात्यांच्या मागे नवीन दुखणं लागलं. जुनं मशीन आणि कॉम्प्युटर एकाच वेळी सुरू केले, तरी ते बरोबर चालत नसत. पहिल्या कडव्यात मशीनवरचा तबला आणि कॉम्प्युटरवरचा आवाज हातात हात घालून निघायचे, तिसऱ्या कडव्यापर्यंत तबला पुढच्या गल्लीत पोचलेला असे. दोष कॅसेट मशीनच्या रबरी पट्ट्याचा होता. तो सैल पडला होता आणि टेप कधी हळू, कधी किंचित जोरात फिरत होती. कॉम्प्युटर मात्र हलत नव्हता. त्यात एक सोय होती. हेडफोनमध्ये सारखी टिक-टिक ऐकू येई, तिला क्लिक म्हणत. क्लिक ऐकत प्रत्येकाने आपापला भाग वाजवायचा, म्हणजे नंतर सगळे भाग एकमेकांवर बिनचूक बसत. विधाते त्या क्लिकच्या प्रेमातच पडले. "आयुष्यात पहिल्यांदा असं कुणीतरी भेटलंय," ते म्हणाले, "जे पळतही नाही अन् रेंगाळतही नाही."

"वहिनींना सांगू?" मी विचारलं.

"त्या पळतात. सांगून बघा."

आता आक्काविषयी. विधाते मूळचे मखमलाबादच्या बाजूचे, घरची फुलशेती. धाकटा भाऊ शिकून कारखान्यात लागला, थोरली बहीण नवरा गेल्यावर माहेरच्याच मळ्यात राहिली. पहाटे फुलं खुडायची, उजाडायच्या आत हार ओवायचे, बाजारात पाठवायचे, असं तिचं आयुष्य. ओवताना ती गायची. आईकडून आलेली गाणी, कुठे छापलेली नाहीत. 'फूल फुलाला सांगं, जागा झाली गं वाडी' अशी साधी. बाकीच्या बायका होत्या तोवर त्याही म्हणायच्या. एकेक करून त्या गेल्या, कुणाच्या सुना नोकरीला लागल्या, आणि पाच गाणी फक्त आक्काकडे उरली.

त्या जानेवारीत आक्काच्या थायरॉइडचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, धोका नाही, आवाजाचं मात्र सांगता येत नाही. विधाते त्याच दिवशी स्टोअर्सच्या खिडकीपाशी आले. या खेपेला बोटं स्थिर होती. "मॅडम, पाच गाणी आहेत. ऑपरेशनच्या आधी व्हायला पाहिजेत. नीट, पेटी-तबल्यासकट. यादीत टाका."

म्हणून तो रविवार.

वीज आली. आक्काच्या कानाला हेडफोन लावला, क्लिक सुरू झाली. आक्काने तोंड उघडलं आणि मिटलं.

"रघू, कानात कोन सुतार बसवलाय?"

"सुतार नाही, आक्का. ती लय आहे. तिच्याबरोबर गा."

"मला कशाला लय? मी काय पळून चाललीय?"

नंदू तबल्यावर डोकं टेकून हसत होता. हेडफोन काढला, तरी जमेना. आक्का दोन ओळी म्हणून थांबायची, पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. हात मांडीवर नुसतेच चाळवत होते. शेवटी मीच म्हटलं, हात मोकळे आहेत म्हणून होतंय हे, यांना फुलं द्या. विधाते स्कूटर काढून गेले आणि झेंडूची पाटी, सुई, दोरा घेऊन आले. आक्काने पदर खोचला, सुई ओवली, आणि गाणं असं सुरू झालं की नंदूचं हसणं जागच्या जागी थांबलं.

फूल टोचलं की शब्द, फूल सरकलं की शब्द. मी इतकं स्वस्थ गाणं कधी ऐकलं नव्हतं. पण थोडी फुलं ओवून झाली की आक्का गाठ मारायची आणि त्या वेळी ओळीतला शेवटचा सूर लांबवून धरायची. गाठ घट्ट बसली की पुढची ओळ. कधी गाठ लवकर बसे, कधी दोरा अडे. गाठीला जेवढा वेळ लागे, तेवढाच सूर लांबे.

"आक्का, गाठीपाशी थांबतेस," विधाते म्हणाले.

"मंग? गाठ नको मारू? हार सुटंल की."

"पण तबला कुठे जाईल तेवढ्यात?"

"बसंल तिथंच. त्याला काय बाजार गाठायचाय?"

वेळ थोडा होता. विधात्यांनी तोडगा काढला – आक्काला क्लिकशिवाय, एकटीला गाऊ द्यायचं, पेटी-तबला नंतर चढवायचा. पाचही गाणी त्याच आठवड्यात झाली. सावधगिरी म्हणून शेजारी जुनं कॅसेट मशीनही चालू ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात आक्का ऑपरेशनला गेली आणि विधाते वरच्या खोलीत.

तिथे त्यांनी काय केलं, ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. गाण्याचे तुकडे केले, काही थोडे ताणले, काही दाबले, गाठीपाशी लांबलेले सूर कापले आणि प्रत्येक शब्द क्लिकच्या ठोक्यावर नेऊन बसवला. त्या काळी कॉम्प्युटरची डिस्क लहान असे. ती भरली, तेव्हा त्यांनी नको असलेला आवाज पुसून टाकला. त्यात आक्काचं मूळ गाणंही गेलं. तेव्हा त्यांना ते जाणवलंसुद्धा नाही. त्यांच्या हिशेबी चांगलं गाणं समोर होतं. आम्ही त्यावर पेटी-तबला वाजवला आणि खरं सांगते, वाजवायला फार सोपं गेलं.

महिन्याभराने आक्का गळ्याला रुमाल बांधून आली. आवाज घोगरा, खालच्या पट्टीतला. विधात्यांनी खुर्ची पुढे ओढून दिली, चांगले स्पीकर लावले. आक्काने पहिलं गाणं सगळं ऐकलं.

"चांगली म्हनती," ती म्हणाली. "कोन बाई हाय ही?"

"आक्का, तूच की!"

"मी न्हाय बाबा. ही शिकलेली दिसती." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हिच्या हातात काय नव्हतं काय गं गाताना?"

विधाते उठून खिडकीवरची गादी नीट करू लागले. ती नीटच होती.

त्यानंतर आक्का गायली नाही. बोलण्यापुरता आवाज आला, गाण्यापुरता आला नाही. मळ्यावर गेलं की दिसायचं, हात चाललेत, तोंड बंद. विधाते एकदा कॅन्टीनमध्ये चहा निवेपर्यंत कप धरून बसले आणि म्हणाले, "मॅडम, मी आक्काला सरळ केलं हो." त्यांची बोटं तेव्हापासून टेबलावर दिसेनाशी झाली.

पुढची पाच वर्षं त्या माणसाने ते वाकडं परत आणण्यात घालवली. आशेला जागा एकच होती, ती सावधगिरीची कॅसेट. पण ती सैल पट्ट्यावर भरलेली. मशीनला नवा पट्टा घातला, तरी भरताना आलेला हेलकावा टेपमध्ये कायमचा बसलेला. त्यामुळे ऐकताना कळेना, की इथे गाणं सैल पडलंय ते आक्काने गाठ मारली म्हणून की पट्टा घसरला म्हणून. आधीचे विधाते असते तर दोन्ही कापून टाकलं असतं. आता पट्ट्याची चूक काढायची होती आणि आक्काची ठेवायची होती. दोन्ही कानाला सारखीच लागत होती.

ते ओळखायची युक्ती त्यांचीच. त्यांनी आक्काला खोलीत बसवलं, पुढे झेंडू ठेवला आणि कॅसेट लावली. "आक्का, तू काही बोलू नकोस. नुसता हार कर." आक्काचे हात आपसूक गाण्याबरोबर चालू लागले. टेप घसरली की हात गोंधळायचे, फूल अर्ध्यात राहायचं. गाठीची जागा आली की मात्र गोंधळ नाही, बोटं सरळ गाठीकडे जायची. विधाते तिच्या बोटांवर नजर ठेवून, ती फूल सरकवेल तेव्हा एक टिचकी मारायचे आणि ती टिचकी कॉम्प्युटरमध्ये भरायचे. त्या टिचक्यांवरून ते क्लिकच नव्याने बांधत होते. आक्का थांबेल तिथे थांबणारी. मग टेपचा आवाज त्या क्लिकवर बसवायचा, मग नंदू आणि मी पुन्हा वाजवायचं, तिच्या मागे मागे.

वाजवायला ते महाकठीण होतं. नंदू वैतागायचा. "काका, समेवर येतो तर बाई गाठ मारत बसलेली!"

"थांब ना मग," विधाते म्हणायचे. "तुला काय बाजार गाठायचाय?"

एका गाण्याला वर्ष, सव्वा वर्ष लागे. पहिलं गाणं झालं तेव्हा आक्काने ते ऐकलं. मधल्या एका लांब सुरावर ती एकदम म्हणाली, "हितं दोरा तुटला व्हता बघ." विधात्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण मान हलवली. त्या संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना पुरणपोळी केली, सण कुठलाही नसताना.

चार गाणी झाली. पाचवं सुरू करायचं ठरलं होतं. २००७ च्या गणपतीत, दुसऱ्या पाळीत, कारखान्यात विजेच्या पॅनलपाशी उभे असताना विधाते खाली बसले. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. आक्का मळ्यावरून आली ती कामाच्या हातांनी. बोटांना झेंडूचा रंग होता.

वर्षाने वहिनींनी ती खोली मुलाच्या अभ्यासाला दिली. कॉम्प्युटर, मशीन आणि कॅसेट माझ्याकडे गंगापूर रोडला आली. मी नीट चिठ्ठ्या लावून ठेवली. नंदूशी बोलले, तो तयार होता. मग आक्काला घेऊन आले. झेंडू आणला, सुई, दोरा, सगळं. विधात्यांच्या जागी मी बसले आणि तिच्या बोटांवर नजर ठेवून टिचक्या मारू लागले. पहिलं कडवं बरोबर उतरलं. पहिली गाठ आली, सूर लांबला, आणि आक्काने गाठ मारलीच नाही. दोरा दोन बोटांत धरून बसून राहिली. टेप पुढे चालली.

मी बंद केली.

"आज ऱ्हाऊ दे, पोरी," ती म्हणाली. "दोरा धरला की रघूच दिसतो समोर."

पुढच्या खेपेलाही ती तेवढ्यावरच थांबली, त्याच्या पुढच्या खेपेलाही. मी जोर केला नाही. आता ती पंचाहत्तरीला आली आहे. सुई ओवायला कुणालातरी हाक मारते, पण हात चालतात.

पाचव्या गाण्याचं एक कडवं झालं आहे. तीन व्हायची आहेत.