आयर्लंडहून आलेले पाय

त्या मे महिन्यात बोदवडला उन्हाची आग पडत होती आणि अख्ख्या गल्लीत वाद एकच चालला होता. आयर्लंडात फिरायला जावं तर नेमकं कुठं जावं? आता जाणार कोण होतं म्हणाल, तर कोणीच नाही. भुसावळच्या पुढं पाऊल न टाकलेली माणसं ओट्यावर बसून हमरीतुमरीवर येत होती. शाळेतले गुरुजी म्हणत, राजधानी ती राजधानी, डब्लिनच पाहावं. केळीवाला भाईदास म्हणे, "राजधानीत काय पाह्यचं, गर्दी? ज्या मुलखात गायी जास्त, तो मुलूख चांगला. कॉर्कले जा." आणि शेवटी शालिग्राम नाना मांडीवर थाप मारत.

"पश्चिमेले जा, पश्चिमेले! गॉलवेकडं बारा महिने पाऊस आहे म्हणतात. आपल्यासारख्या भाजून निघालेल्या मानसानं तिथंच जाऊन पडावं. खोटं वाटत असंल तर आमच्या हिले इचारा. ही बठ्ठं आयर्लंड फिरून आली!"

'ही' म्हणजे नानांची बायको शेवंताबाई. ती आत चुलीपाशी बसून हे सगळं ऐकायची आणि तिचं तोंड उतरायचं. कारण ती कुठं म्हणजे कुठंच फिरली नव्हती.

तिची लेक कुंदा डॉक्टर. जावईही डॉक्टर, दोघं डब्लिनजवळच्या एका गावात नोकरीला. कुंदाला मुलगा झाला तेव्हा तिनं आईला बोलावून घेतलं. नानांनी गावभर पेढे वाटले आणि शेवंताबाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली. तिथं पोहोचली ती थेट बाळाच्या पाळण्याशी. सहा-सात महिने तेल-मालीश, धुणं, भाकरी आणि खिडकीतून दिसणारी समोरची भिंत. त्याचंही तिला काही वाटलं नसतं. लेकीच्या बाळंतपणाला गेलेली आई काही मौजमजा करायला जात नाही.

पण घरी पाहुणे यायचे. इकडचीच डॉक्टर मंडळी, हिंदी बोलणारी. दारावरची बेल वाजली की कुंदा घाईघाईनं म्हणायची, "आई, तू बाळाला घेऊन आत बस. आणि बाहेर येऊ नको हं, त्या लुगड्यात." पहिल्यांदा शेवंताबाईला वाटलं, बाळाला गार वारा लागेल म्हणून म्हणत असेल. दुसऱ्यांदाही तिनं तसंच वाटून घेतलं. मग एकदा कोणीतरी विचारलं, आत कोण आहे? कुंदा म्हणाली, "बच्चे के लिए बाई रखी है." मग काय वाटून घेणार, सांगा!

दाराआड बसून तिनं पाहुण्यांच्या गप्पा ऐकल्या. कोणी म्हणे, इथले लोक स्वतः सुट्टीत डब्लिनला थांबतच नाहीत, केरीच्या तळ्यांकडं पळतात. कोणी म्हणे, छे, क्लेअरचे समुद्रावरचे कडे पाहिले नाहीत तर काय पाहिलं? एकदा दोन गाड्या भरून सगळे केरीला गेलेसुद्धा. शेवंताबाई बाळाबरोबर घरी होती.

परत आली तेव्हा भुसावळ स्टेशनवर निम्मी गल्ली उतरवून घ्यायला हजर. नानांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कुंदीनं काय काय दाखवलं?" लेकीची अब्रू तिच्या जिभेवर होती. तिनं केरी सांगितलं, कडे सांगितले, तळी सांगितली. दाराआडचं सगळं ओकून मोकळी झाली.

आता काशी करून आलेल्या माणसाचे पाय धुवायची आपल्याकडची रीत. ते पाणी डोळ्यांना लावलं, घोटभर घेतलं, की घरी बसलेल्यालाही थोडं पुण्य लागतं म्हणतात. गल्लीत सगळ्यांत म्हातारी तानुबाई. ओट्यावरचा वाद रंगात आला असताना एक दिवस तिनंच काढलं, "काशीपेक्षा दूरून आली ना व माय ती! सात समुद्र वलांडून आली. तिचे पाय नको धुवाले?" नानांना तर हेच हवं होतं.

अंगणात पाट मांडला. परात आली. शेवंताबाई "नको व, नको" म्हणत राहिली. लोकांना वाटलं, बाई लाजते. ऐंशीच्या घरातली तानुबाई गुडघे धरत खाली बसली आणि तिचे पाय चोळू लागली.

"सांग व शेवंता, सगळ्यात चांगली जागा कोन्ती?"

"केरी," शेवंताबाई कशीबशी म्हणाली.

"मी काही आता कुठी जात नाही. माही केरी हीच," असं म्हणून तानुबाईनं ओंजळभर पाणी तोंडाशी नेलं.

शेवंताबाईनं तिच्या हातावर फटका मारला. पाणी सांडलं. "नको पिऊ, माय! पाप लागंल मले. मी कुठीच नाही गेली. घराच्या बाहेरच नाही पडली."

नाना पुढं झाले. "काहून?"

आता खरं काय ते सांगायचं बाकी होतं. शेवंताबाईनं तोंड उघडलं आणि निघालं ते असं, "मले भेव वाटे. पोरगी रोज म्हने चाल, मीच नाही म्हनलं."

मग काय विचारता! भाईदास तर खो खो हसला. बायकांनी पदर तोंडाला लावले. नानांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "गावंढळ ती गावंढळच! पोरीनं येवढ्या दूर नेलं अन् ही भिंतीले तोंड करून बसली! काय वाटलं असंल तिले चार लोकांत?"

दुसऱ्या दिवशी नानांनी तिला ओढतच फोनच्या बूथवर नेलं. पलीकडं कुंदाचा आवाज आला तसे ते म्हणाले, "पोरी, तुझ्या आईनं सांगितलं सगळं. तू चाल म्हणत होती अन् ती बाहेरच पडली नाही. तुले खाली मान घालावी लागली असंल. मी तिच्या वतीनं माफी मागतो."

शेवंताबाई रिसीव्हरला कान लावून उभी होती. तिला वाटलं, आता सांगेल. आता तरी सांगेल.

"असू द्या नाना," कुंदा म्हणाली. "मी मनावर घेतलं नाही."

नानांनी फोन ठेवला. डोळे पुसत म्हणाले, "पाह्य, किती मोठ्या मनाची पोरगी आहे तुझी."

कालपासून गल्लीभर हसं झालं होतं, त्याची शेवंताबाईला एवढी लाज वाटली नव्हती. ही लाज निराळी होती, पोटच्या पोरीची, आणि ती कोणाजवळ बोलायची सोय नव्हती. ती म्हणाली, "हो, लई मोठ्या मनाची," आणि पदर डोक्यावर ओढून नानांच्या मागं चालू लागली.