तिरपी कमान

भूतखेत, पूर्वजन्म असलं काही ऐकलं की मी पदर तोंडाला लावून हसणारी बाई. आमच्या बौद्ध घरात असल्या गोष्टींना थाराच नव्हता. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण लिहिते.

आधी सोळा वर्षांची मी. बाभुळगावच्या शाळेत ड्रॉइंगच्या इंटरमिजिएटची तयारी चाललेली. दोन वेण्या, कानामागे पेन्सिल, स्वतःला मोठी चित्रकार समजायची — अक्कल शून्य. स्मरणचित्राच्या सरावाला विषय आला ‘गल्ली’. सगळ्यांनी सारवलेली अंगणं आणि बैलगाड्या काढल्या. मी काढल्या पांढऱ्या भिंती, मधून अरुंद बोळ, टोकाला एका बाजूला कललेली कमान, पलीकडे तीन पायऱ्या, निळं दार, आणि भिंतीवरून डोकावणारं संत्र्याचं झाड.

“काहून वं, हे बाभुळगावात कुठं पाह्यलं तू?” सरांनी विचारलं.

“आठवलं, सर.”

“स्मरणचित्र म्हणजे पाह्यलेलं. थापा नाई.”

लाल पेन्सिलीनं कमानीभोवती गोल केला, बाजूला लिहिलं — कमान तिरपी. थापच असणार, असं पुढे मीही धरून चालले.

गेल्या वर्षी नातीबरोबर, मनालीबरोबर, स्पेनमधल्या कोर्दोबाला गेले. ती आर्किटेक्चर शिकते. तिथली जुनी मशीद, जिचं पुढे चर्च झालं, तिला पाहायची होती. मनालीला लहानपणापासून डायबेटिस, इन्शुलिन घेते. साखर एकदम उतरली तर लागतील म्हणून लिमलेटच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये ठेवलेल्या. आत लाल-पांढऱ्या कमानींचं रानच्या रान... मान वर करून पाहता पाहता मी एकेक गोळी तोंडात टाकत गेले. या वयात!

बाहेर पडलो तर दुपार, दुकानं बंद. खाणावळ शोधता शोधता बोळांमध्ये चुकलो. मनाली भिंतीला टेकली. घामानं चिंब, हात थरथरत.

“आजी, मले गोळी दे लवकर.”

“संपल्या, माय.”

“कोनं खाल्ल्या?”

मी रिकामी पर्स पाठीमागे लपवली. त्यातही ती हसली — आणि खाली बसली.

काय करावं म्हणून मी मान वर केली. बोळाच्या टोकाला कमान. तिरपी. पलीकडचं काही दिसत नव्हतं, पण मला माहीत होतं — तीन पायऱ्या, मग निळं दार. हे गुडघे घेऊन मी पळाले. तीन पायऱ्या. निळं दार. वर संत्र्याचं झाड. दोन्ही हातांनी दार बडवलं. एका म्हातारीनं उघडलं. मी इंग्रजी पार विसरले, नुसतं “साखर, साखर” म्हणत राहिले.

“आसुकार?” ती म्हणाली, आणि आत धावली.

साखरपाणी पोटात गेलं, थोड्या वेळानं मनालीच्या तोंडावर रंग आला. त्या माउलीनं मला एक संत्रं दिलं. कडूजहर.

“आपल्या संत्र्याची सर नाई,” मी म्हटलं.

“आजी, तू आता काही खाऊच नको.”

घरी आल्यावर ट्रंकेतून तो स्मरणचित्राचा कागद काढला, मनालीच्या फोनमधल्या त्या बोळाच्या फोटोशेजारी ठेवला. ती म्हणते, लहानपणी कुठंतरी चित्र पाहिलं असशील. असेलही. पण आमच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर, त्यावर कापसाचं बोंड... मला काही उलगडत नाही. त्या म्हातारीचे उपकार आहेतच. पण दोन वेण्यांच्या त्या थापाड्या पोरीचेही आहेत, जिची मी जन्मभर टर उडवली.

सर आता नाहीत. असते तर कागद घेऊन गेले असते. कमान तिरपीच आहे, सर. परत निघताना मी हात लावून पाहिली.